अर्धी बाजू : बीथोव्हेनची पत्रे, संभाषण-वह्या आणि त्याची माणसे

मंद्रसप्तक (धागालेखक)

१८२६ च्या ऑगस्ट महिन्यात व्हिएन्नाजवळच्या बाडेन गावी कार्ल नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलाने जीव देण्याचा प्रयत्न केला. तो वाचला. त्याचा काका आणि पालक, संगीतकार लुडविग फान बीथोव्हेन, त्याच्या उशाशी आला, तेव्हा ठार बहिऱ्या झालेल्या या काकाशी बोलण्यासाठी नेहमीची वही उघडली गेली आणि त्या जखमी मुलाने तीत लिहिले, की आता मला बोल लावून छळू नका, जे व्हायचे ते होऊन गेले. काका काय म्हणाला, हे वहीत नाही. त्याला बोलता येत होते, म्हणून त्याला लिहिण्याची गरज नव्हती. तरीही मुलाच्या त्या एका ओळीवरून काका त्या खोलीत कोणत्या सुरात बोलत होता, ते दोनशे वर्षांनंतरही आपल्या कानावर येते.

या वह्यांनी मला गेली काही वर्षे धरून ठेवले आहे, म्हणून हा धागा काढतो आहे. साधारण १८१८ पासून १८२७ मधल्या मृत्यूपर्यंत बीथोव्हेन घराबाहेर पडताना वही आणि पेन्सिल बरोबर ठेवत असे, आणि भेटणारा माणूस आपले म्हणणे तीत लिहून दाखवत असे. अशा सुमारे १३९ वह्या आज उरल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक बर्लिनच्या सरकारी ग्रंथालयात आहेत. कॉफीगृहात, खाणावळीत, बाजारात, प्रकाशकाच्या दुकानात झालेली ही बोलणी आहेत. त्यांत बीथोव्हेनच्या स्वतःच्या अक्षरातल्या नोंदीही सापडतात, पण त्या बहुधा स्वतःपुरत्या असतात: साबण, मेणबत्त्या, वर्तमानपत्रातून उतरवून घेतलेली पुस्तकांची जाहिरात, भाड्याच्या घराचा पत्ता, खर्चाची बेरीज. गुणाकार त्याला कधीच नीट जमला नाही, त्यामुळे एकच आकडा एकाखाली एक मांडून तो बेरीज करीत गेलेला दिसतो. आणि याच पसाऱ्यात १८२० च्या आरंभी त्याने एक ओळ टिपून ठेवली आहे, की आपल्या आत नैतिक नियम आणि आपल्या माथ्यावर ताऱ्यांनी भरलेले आकाश; पुढे कांट या तत्त्वज्ञाचे नाव आणि त्यापुढे तीन उद्गारचिन्हे. साबणाच्या आणि आकाशाच्या नोंदी एकाच वहीत, एकाच पेन्सिलीने झालेल्या असाव्यात, याचे मला फार अप्रूप वाटते.

पत्रांची गोष्ट नेमकी उलटी आहे. तिथे आपल्याला मुख्यतः त्याचीच बाजू मिळते. २९ जून १८०१ रोजी त्याने बॉनमधला आपला बालमित्र आणि आता डॉक्टर झालेल्या फ्रान्ट्स वेगेलरला जे पत्र लिहिले, ते मी आजवर अनेकदा वाचले आहे आणि प्रत्येक वेळी त्यातल्या तपशिलांच्या नेमकेपणाने थबकलो आहे. गेली तीन वर्षे ऐकू येणे कमी कमी होत चालले आहे, कानांत रात्रंदिवस गुणगुण आणि घोंगावणे चालू असते, नाटकगृहात नटाचे बोलणे समजावे म्हणून वाद्यवृंदाच्या अगदी लगत बसावे लागते, थोडे दूर बसले की वाद्यांचे आणि गळ्यांचे वरचे स्वर पोहोचत नाहीत, कोणी हळू बोलले तर आवाज कळतो पण शब्द कळत नाहीत, आणि कोणी ओरडले तर ते मात्र असह्य होते. दोन वर्षे तो लोकांत मिसळणे टाळत होता, कारण मी बहिरा आहे असे माणसांना सांगणे त्याला शक्य नव्हते. वय तीस, शहरात पियानोवादक म्हणून दबदबा, आणि हे गुपित कळवले ते शेकडो मैलांवरच्या मित्राला, तेही कोणाला सांगू नकोस अशी विनवणी करून. दोनच दिवसांनी त्याने हीच व्यथा कार्ल आमेंडा या दुसऱ्या दूरच्या मित्राला कळवली. जवळच्यांपासून लपवायचे आणि लांबच्यांपाशी उघडे करायचे, हा स्वभाव या दोन पत्रांनी जितका कळतो, तितका कोणत्याही चरित्राच्या प्रकरणाने कळत नाही.

पुढच्या वर्षी, १८०२ मध्ये, फेर्डिनांड रीस हा त्याचा शिष्य त्याच्याबरोबर व्हिएन्नाजवळच्या हाइलिगेनस्टाटच्या रानात फिरत असताना कोणी मेंढपाळ लाकडी पावा वाजवीत होता. रीसने त्याकडे लक्ष वेधले. बीथोव्हेनला अर्धा तास काहीच ऐकू आले नाही. मलाही काही ऐकू येत नाही, अशी समजूत रीसने वारंवार घातली, पण तो गप्प आणि उदास होत गेला. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला त्याने दोघा भावांना उद्देशून जे पत्र लिहिले आणि कधीच पाठवले नाही, त्यात हाच दूरचा पावा येतो: शेजारच्या माणसाला तो ऐकू आला आणि मला आला नाही, अशा प्रसंगांनी मी आयुष्य संपवण्याच्या काठाशी गेलो होतो आणि मला केवळ कलेने अडवले. एकाच प्रकारचा प्रसंग शिष्याच्या आठवणीतून आणि गुरूच्या पत्रातून असा दोन्ही अंगांनी हाती लागणे दुर्मीळ आहे. या पत्रात कार्ल या भावाचे (सुरुवातीला आलेल्या पुतण्या कार्लच्या वडिलांचे) नाव लिहिलेले आहे, पण योहान या दुसऱ्या भावाच्या नावाची जागा तिन्ही ठिकाणी कोरी सोडली आहे. ती का, याची उत्तरे अनेकांनी दिली आहेत. मला ती जागा कोरीच ठेवलेली बरी वाटते.

या माणसाकडे त्याच्या मित्रांच्या वाटेने जाताना आपल्या हाती नेहमी अर्धी बाजू येते, आणि उरलेली अर्धी किती भरायची व किती तशीच राहू द्यायची, हा मला सतत पडणारा प्रश्न आहे. इथल्या जाणकारांनी यावर लिहावे.

पाऊलवाट

लेख वाचून मला माझ्या आजोबांची वही आठवली, आणि विषयाला धरूनच आहे म्हणून सांगते.

आजोबांना सत्तरीनंतर ऐकू येईनासे झाले. यंत्र त्यांना मानवले नाही. आम्ही आधी पाटीवर लिहीत होतो, पण पाटी पुसली जाते, म्हणून आजीने भावाच्या शाळेच्या जुन्या वह्यांची उरलेली पाने शिवून एक वही केली. आजोबा खणखणीत आवाजात बोलत आणि आम्ही लिहीत होतो. ते गेल्यावर ती वही मी उघडली, तेव्हा तिच्यात सगळे आम्हीच होतो. "जेवायला चला." "गोळी घेतली का?" "नाही, तो नव्हे, त्याचा धाकटा भाऊ." "हो." "हो, पण हळू बोला, ते बाहेर बसले आहेत." आजोबांचे एक अक्षर नाही. तरी "हळू बोला" वाचताच त्यांचा आवाज घरभर घुमल्यासारखा वाटला. कार्लच्या त्या ओळीबद्दल आपण जे लिहिले आहे, ते म्हणूनच मला पटवून घ्यावे लागले नाही.

बीथोव्हेनही घरात बोलताना पाटी वापरत असे. म्हणजे घरातली, अगदी निकटची कितीतरी बोलणी पुसली गेली असणार, आणि जे उरले ते बरेचसे बाहेरचे आहे. वह्या वाचताना हे ध्यानात ठेवायला हवे.

तिहाई

पाटीचा मुद्दा मोलाचा आहे. त्याला जोडून एक गंभीर गोष्ट नोंदवणे आवश्यक वाटते, कारण कोऱ्या जागा भरण्याचा प्रश्न धागालेखकांनी उपस्थित केला आहे आणि या वह्यांच्या बाबतीत त्या अक्षरशः भरल्या गेल्या आहेत.

आंटोन शिंडलर हा बीथोव्हेनच्या अखेरच्या काही वर्षांत त्याचा बिनपगारी चिटणीस होता. मृत्यूनंतर वह्या त्याच्या हाती आल्या, १८४० मध्ये त्याने चरित्र प्रसिद्ध केले, आणि १८४६ मध्ये वह्या बर्लिनच्या राजग्रंथालयाला विकल्या. पुढे शंभराहून अधिक वर्षे त्याचा शब्द हा जवळच्या साक्षीदाराचा शब्द म्हणून मानला गेला. पूर्व बर्लिनमध्ये या वह्यांची संपादित आवृत्ती तयार करणाऱ्या अभ्यासकांनी १९७७ मध्ये दाखवून दिले, की शिंडलरच्या हातच्या दीडशेहून अधिक नोंदी बीथोव्हेनच्या मृत्यूनंतर पानांवरच्या रिकाम्या जागांत घातलेल्या आहेत. आपण त्याच्याशी सोनाटांच्या (एकल वाद्यासाठीच्या मोठ्या रचनांच्या) अर्थाबद्दल आणि लयीबद्दल किती खोल बोलत होतो, हे त्याला जगाला दाखवायचे होते. आपली ओळख प्रत्यक्षात होती त्याहून जुनी आहे असे भासावे, म्हणून त्याने ज्या काळात तो जवळचा नव्हता त्या वह्यांतही स्वतःला लिहून ठेवले.

याची झळ कुठवर पोहोचते ते पाहा. पाचव्या सिंफनीच्या आरंभीच्या चार स्वरांना "नियती दारावर थाप देते आहे" असे म्हणण्याची जी रूढी जगभर पसरली आहे, ती शिंडलरच्या चरित्रातून आली आहे. कॉफीसाठी साठ बिया मोजून घेण्याची गोष्टही त्याचीच. त्या खोट्याच आहेत असे मी म्हणत नाही, पण ज्याने मित्राच्या वहीत मित्राच्या पश्चात अक्षरे घातली, त्याच्या एकट्याच्या साक्षीवर मी यापुढे काहीही बांधणार नाही. मला यात सर्वांत जास्त दुःख याचे होते, की त्याने खरीच सेवा केली होती. निरोप पोहोचवणे, भाड्याची घरे शोधणे, अखेरच्या आजारात खेपा घालणे हे सर्व त्याने केले होते, आणि तेवढे सांगूनही त्याचे नाव आदराने घेतले गेले असते.

मंद्रसप्तक (धागालेखक)

तिहाई, मनापासून आभार. शिंडलरचा उल्लेख मी मुद्दाम मागे ठेवला होता आणि तो आपण माझ्यापेक्षा नेटका केला आहे. एक भर घालतो. नवव्या सिंफनीच्या ७ मे १८२४ च्या पहिल्या प्रयोगाआधी सभागृह, गायक आणि तिकिटांचे दर यांवरून जी महिनोन्‌महिने ओढाताण झाली, ती वह्यांत अनेकांच्या हस्ताक्षरांत आहे, आणि अनेक हात असल्यामुळेच ती विश्वासार्ह आहे. याच सुमारास बीथोव्हेनने लिख्नोव्हस्की हा उमराव मित्र, शुपान्झिग हा व्हायोलिनवादक मित्र आणि शिंडलर या तिघांना तीन चिठ्ठ्या धाडल्या, ज्यांचा आशय एकच होता: मला कपट आवडत नाही, भेटायला येऊ नका, मैफल होणार नाही. मैफल झाली, तिघेही तिच्यासाठी राबले, आणि टाळ्यांचा कडकडाट चालू असताना पाठमोऱ्या उभ्या असलेल्या बीथोव्हेनला कारोलिने उंगर या गायिकेने श्रोत्यांकडे वळवले. नंतर हिशेबात अपेक्षेपेक्षा फारच कमी पैसे उरले, तेव्हा जेवायला बोलावलेल्या मित्रांवरच त्याने फसवणुकीचा आरोप केला.

मांडवीतीर

मी गोव्याचा. आमच्या पिढीतल्या अनेकांप्रमाणे पाश्चात्त्य स्वरलिपी मी गावच्या चर्चच्या शाळेत शिकलो, आणि आजही आम्ही चौघे जमेल तसे क्वार्टेट, म्हणजे दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांसाठीची रचना, वाजवतो. माझ्याकडे दुसरे व्हायोलिन असते. म्हणून कार्ल होल्ट्स या माणसाविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण तोही शुपान्झिगच्या क्वार्टेटमध्ये दुसरे व्हायोलिन वाजवत असे आणि १८२५-२६ च्या वह्यांत त्याचे अक्षर सतत भेटते.

डेम्बशर नावाच्या एका हौशी श्रीमंत गृहस्थाने बी फ्लॅटमधल्या नव्या क्वार्टेटच्या पहिल्या मैफलीची वर्गणी भरली नव्हती, आणि नंतर ते आपल्या घरी वाजवून घेण्यासाठी त्याला हस्तलिखित हवे होते. बीथोव्हेनने निरोप दिला, की आधी शुपान्झिगला पन्नास फ्लोरिन (तिथले तेव्हाचे चलन) पोहोचते करावेत. होल्ट्सने हा निरोप सांगितला तेव्हा डेम्बशर हसून म्हणाला, "द्यायलाच हवेत का?" हे ऐकून बीथोव्हेनने तिथल्या तिथे चार आवाजांचा एक छोटा गमतीचा कॅनन (एकामागून एक आवाज तीच चाल उचलतात असे गाणे) लिहिला: द्यायलाच हवेत, काढा थैली!

काही महिन्यांनी हेच शब्द (मूळ जर्मनमध्ये ते दोन्ही अर्थांनी चालतात) त्याच्या अखेरच्या पूर्ण क्वार्टेटच्या, ओपस (रचनाक्रमांक) १३५ च्या, शेवटच्या भागावर आले. त्या भागाला त्याने "कष्टाने घेतलेला निर्णय" असे शीर्षक दिले आहे, आणि स्वरांखाली शब्द लिहिले आहेत: "असायलाच हवे का?" आणि "असायलाच हवे!" सुरुवातीचा प्रश्न व्हायोला आणि चेलो खालच्या स्वरांत, अतिशय संथपणे विचारतात. तीन स्वर: खाली उतरायचे आणि मग वर जाऊन लोंबकळत राहायचे. आम्ही दोन व्हायोलिनवाले त्या वेळी वर करुण स्वर धरून असतो. मग लय एकदम बदलते आणि तोच आकार उलटा होऊन उत्तर म्हणून आमच्या हाती येतो. वाजवताना मला दर वेळी वाटते, की पन्नास फ्लोरिनची थट्टा आणि आयुष्याचा प्रश्न यांच्यामध्ये या माणसाने भिंत घातलीच नव्हती.

एक तारीख इथे जुळवून पाहण्यासारखी आहे. हे क्वार्टेट ऑक्टोबर १८२६ मध्ये ग्नाइक्सेनडोर्फ येथे भाऊ योहानच्या मळ्यावर पूर्ण झाले. त्या वेळी जखमेतून बरा होत असलेला कार्ल तिथेच त्याच्याबरोबर होता. मी यावरून काही निष्कर्ष काढत नाही, फक्त दोघे एकाच छपराखाली होते एवढे सांगतो.

आणि जाता जाता: शुपान्झिग वह्यांत बीथोव्हेनला संबोधताना "तू" किंवा "तुम्ही" लिहीत नाही, तर "तो" लिहितो, म्हणजे "त्याने आज जेवण केले का" अशी जुन्या वळणाची सलगी. बीथोव्हेन त्याला "मिलॉर्ड फॉल्स्टाफ" म्हणत असे, शेक्सपिअरच्या नाटकांतल्या लठ्ठ विनोदी सरदारावरून.

शेवंती

सर्वांचे लेखन आवडले, पण मैत्रीचा सूर थोडा जास्तच मृदू लागतो आहे असे मला नम्रपणे म्हणायचे आहे. ज्या कार्लपासून हा धागा सुरू झाला, त्याच्या आईचे काय? १८१५ मध्ये कार्लचे वडील, म्हणजे बीथोव्हेनचा भाऊ, वारल्यावर बीथोव्हेनने योहान्ना या विधवा भावजयीपासून तिचा मुलगा तोडण्यासाठी सुमारे चार वर्षे न्यायालयात झगडा केला आणि तिच्याविषयी पत्रांतून फार कठोर शब्द वापरले. तिची पत्रे कोणी जपून ठेवली नाहीत. अर्धी बाजू म्हणायचे तर सर्वांत हरवलेली अर्धी बाजू तिची आहे. ज्या मुलाला "छळू नका" असे लिहावे लागले, त्याचे ते लिहिणे अकरा वर्षांच्या ओढाताणीच्या शेवटी आले आहे.

मित्रांच्या बाबतीत मात्र तो वळून माघारी येत असे, हे मी मान्य करते. श्टेफान फान ब्रॉयनिंग हा बॉनपासूनचा सोबती. १८०४ मध्ये दोघे एका घरात राहत असताना घराच्या भाड्याची सूचना वेळेवर न दिल्याच्या कारणावरून भडका उडाला आणि बोलणे बंद झाले. पुढे बीथोव्हेनने हस्तिदंतावर काढलेले आपले छोटे चित्र त्याला पाठवले आणि सोबत लिहिले, की आपल्यामध्ये काही काळ जे घडले ते या चित्रामागे कायमचे झाकले जावे, तुझे हृदय मी विदीर्ण केले हे मला ठाऊक आहे. व्हायोलिन कन्चेर्टो (व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांसाठीची रचना) त्याने याच श्टेफानला अर्पण केला. पुन्हा दुरावा आला, तोही बरीच वर्षे, आणि कार्लचे पालकत्व घेऊ नकोस असा सल्ला श्टेफानने दिल्याचे निमित्त त्याला झाले असे सांगतात. म्हणजे सर्वांत खरे बोलणारा मित्रच सर्वांत आधी दुरावला.

मंद्रसप्तक (धागालेखक)

शेवंती, योहान्नाबद्दलचे आपले म्हणणे मी मान्य करतो. मूळ लेखात तिचे नाव नाही ही माझी उणीव आहे.

श्टेफानचा धागा आपण आणलात, तर तो पुढे नेतो. १८२५ मध्ये बीथोव्हेन ज्या घरात राहायला गेला, ते श्टेफानच्या घरासमोरच होते. रस्त्यात गाठ पडली आणि मैत्री पुन्हा जुळली. श्टेफानचा मुलगा गेरहार्ड तेव्हा बारा वर्षांचा होता. बीथोव्हेन त्याला "पाटलोणीचे बटण" म्हणत असे, कारण तो सारखा चिकटलेला असे. या मुलाने म्हातारपणी, १८७४ मध्ये, आपल्या आठवणी लिहिल्या, आणि मला त्या सर्वांत जवळच्या वाटतात. मुलाला त्या माणसाकडून काहीही सिद्ध करून घ्यायचे नव्हते.

१८२६ च्या डिसेंबरात लंडनच्या श्टुम्फ नावाच्या हार्पच्या कारागिराने हँडेल या आधीच्या पिढीतल्या संगीतकाराच्या रचनांचे चाळीस खंड भेट म्हणून पाठवले. बीथोव्हेन तोवर अंथरुणाला खिळला होता. गेरहार्ड एकेक खंड उचलून पलंगावर नेऊन देई आणि तो भिंतीला टेकवून पाने उलटत राही. याच दिवसांत त्याने वेगेलरच्या वर्षभर पडून राहिलेल्या पत्राला उत्तर लिहिले. मनातल्या मनात मी तुला कितीदा तरी उत्तर लिहितो, पण कागदावर उतरवायची वेळ आली की बहुधा लेखणी फेकून देतो, कारण मला जसे वाटते तसे लिहिता येत नाही, असे त्यात आहे. पंचवीस वर्षांपूर्वी ज्याला कानांतली गुणगुण कळवली होती, त्यालाच तो हे कळवत होता.

फेब्रुवारी १८२७ मध्ये प्रकाशक डायबेली याने त्याला संगीतकार हायडनच्या रोराऊ येथील जन्मघराचे एक छापील चित्र दिले. हायडनपाशी तो तरुणपणी शिकला होता आणि त्या दोघांचे फारसे जमले नव्हते. आता मात्र त्याने ते चित्र मुलाला दाखवून म्हटले, की हे छोटेसे घर पाहा, इथे एवढा मोठा माणूस जन्मला. चित्राला चौकट हवी होती, म्हणून गेरहार्डने ते आपल्या पियानो शिक्षकांकडे नेले. त्यांनी चौकट करून दिली आणि खाली सुबक अक्षरांत नावही घातले, पण हायडनच्या नावात एक अक्षर जास्त पडले. बीथोव्हेन ते पाहताच संतापला. ज्याला हायडनचे नाव धड लिहिता येत नाही तो तुला संगीत काय शिकवणार, असे तो त्या आजारी अवस्थेत मोठ्याने म्हणाला, आणि मुलगा घाबरून उभा राहिला. ते नाव दुरुस्त करून मगच चित्र पलंगाजवळ लावले गेले. महिनाभराने, २६ मार्चला, तो गेला. श्टेफान त्यानंतर अडीच महिनेही जगला नाही.